डोंगरासमोर पाणी

अझैबा, मस्कत

प्रिय प्रेमा, ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. विशाखा ऑफिसला जाते, मी लेकीचं घर सांभाळते. माझी काळजी नको.

रविवारी फोनवर तुला जुन्या चिनी निसर्गकवितांच्या धर्तीवर वरची ओळ दिली, 'उघड्या डोंगरावर ढगाची सावली चढते.' कॉलेजपासून आपला हा खेळ. खालची ओळ तुझी. डोंगरासमोर पाणी हवं, चढण्यासमोर उतरणं, आणि वरचा एकही शब्द पुन्हा नको. तू माझीच ओळ मला म्हणून दाखवलीस. मी रागावले, तर पुन्हा तीच. मग तुझ्या रुपेशनं फोन घेतला. "मावशी, ओरडू नकोस ना. आई हल्ली सगळ्यांशी असंच करते. विचारलं तेच परत म्हणते."

जेवतेस ना वेळेवर? गोळ्या कोण देतं?

इथल्या डोंगरांवर झाड नाही, वादीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात, पाणी नाही. खालची ओळ मीच रचून पाहिली. नियमात चोख बसली, पण तुझी नव्हती, म्हणून खोडली. माझ्याशी हे खेळणारं दुसरं कुणी उरलं नाही, प्रेमा.

येत्या रविवारी मी तीच ओळ म्हणेन. तूही तीच म्हण. मी रागावणार नाही. फोनवर मात्र ये.

तुझी,
अनूताई