कर्नलच्या बंदुका, टोबायसचे गेज

शनि., १२ ऑक्टो. ९६
वेस्ट विंडसरच्या घरून म्युझियमला पोचायला पाऊण तास, रूट वनवर ट्रॅफिक. नदीकाठच्या जुन्या रायफल कारखान्याचं छोटंसं म्युझियम. मीना इथली क्युरेटर, मी शनिवारची बिनपगारी मदतनीस. पिस्कॅटवेत एकाच बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर राहायचो तेव्हापासूनची मैत्री, अकरा वर्षं. मार्चच्या प्रदर्शनासाठी कर्नल थॉर्नलीचे कागद वाचायचे. 'तुला मशीनमधलं कळतं, मला फक्त इतिहासातलं,' म्हणाली. म्हणजे आठवडाभर ऑफिसात क्वालिटी कंट्रोल, आणि शनिवारीही क्वालिटी!
कर्नल तेव्हा कॅप्टन होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लष्कराने या कारखान्यावर देखरेखीला पाठवला. त्या काळी प्रत्येक बंदूक कानस मारमारून जुळवायचे, एकीचा घोडा दुसरीला बसायचा नाही. याने येऊन पहिलाच लॉट नापास केला. मालक तक्रार घेऊन वॉशिंग्टनला गेला. हा हलला नाही.
आवडला मला.

शनि., २ नोव्हें.
कर्नलने प्रत्येक सुट्या भागाला दोन गेज, म्हणजे माप तपासायचे साचे, ठरवून दिले. एकात भाग गेलाच पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. बाबांनी नागपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर हेच केलं. फिटर होते. संध्याकाळी फोनवर त्यांना कर्नलचं कौतुक सांगितलं. 'साहेब लोक गेज घडवत नाहीत गं, सही करतात,' म्हणाले आणि हसले. मी जरा चिडलेच.

शनि., २३ नोव्हें.
कर्नल पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल एका वहीत ठेवायचा. आज त्या वहीत टोबायस रीड नावाच्या कारागिराला लिहिलेलं पत्र मिळालं. तुम्ही घडवलेले गेज पोचले, याहून चोख काम मी पाहिलेलं नाही, वॉशिंग्टनला कळवताना तुमचं नाव अवश्य घालीन.
पानं उलटत गेले. महिन्याभराने वॉशिंग्टनला गेलेला अहवाल. 'मी स्वतः आखलेली व घडवलेली पद्धत.' रीड कुठेच नाही. त्या अहवालावर मेजर झाला, पुढे कर्नल आणि अख्ख्या कारखान्याचा प्रमुख. दोन वर्षांनी पगारपत्रकात रीडच्या नावासमोर: उद्धट वर्तनाबद्दल कमी केले.
बाबा बरोबर होते. सहा आठवडे या माणसावर खूश होते मी. घरातल्या कोणी फसवल्यासारखं वाटलं.
मीनाला दाखवलं. दोनदा वाचून म्हणाली, 'सुलू, मेन पॅनल हेच. रीडचं नाव वर. आणि शोधलं कोणी, तेही लिहायचं.' मिठी मारली मला.

शनि., १८ जाने. ९७
मीना म्हणते अडचण आहे. कर्नलची पणती, मिसेस ॲबट, ऐंशीच्या पुढची, कर्नलचं पोर्ट्रेट आणि पहिली बंदूक प्रदर्शनाला देतेय. पत्राचं कळल्यावर म्हणे बिथरली, घराण्याची बदनामी नको म्हणाली. 'थोडं सांभाळून घेऊ यार. कोपऱ्यात का होईना, रीड येईल. प्रॉमिस.'
ठीक आहे म्हटलं. माझी अनन्या झाली तेव्हा ही बाई ऑफिस करून चाळीस दिवस माझ्याकडे स्वयंपाकाला येत होती. तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर.

शनि., ८ मार्च
ओपनिंग. पैठणी नेसून गेले. वेड्यासारखी.
मेन पॅनल: 'कर्नल थॉर्नली, अचूकतेचा जनक.' दोन चकरा मारल्या. रीड कोपऱ्यातही नाही. कॅटलॉगमध्ये गेजवर मीनाचा लेख, खाली तिचं नाव. वाक्यं माझी, तिला दिलेल्या टिपणातली. माझे स्वल्पविराम. मधे मी आमच्या डायनिंग टेबलवर काढलेलं ड्रॉइंग. माझं नाव दारापाशी, स्वयंसेवकांच्या यादीत.
अनन्या मोठ्याने म्हणाली, 'मॉम, दॅट्स युअर ड्रॉइंग.' मीना चार फुटांवर होती. हातातल्या प्लेटकडे बघत राहिली.
कोटांच्या खोलीत गाठलं तिला. का, एवढंच विचारलं.
'तुझी नोकरी पक्की आहे, सुलू. मला जूनमध्ये पर्मनंट करणार की काढणार, ते या प्रदर्शनावर आहे.'
मला सांगितलं असतंस तर, असं म्हणणार होते. कोट घेतला, अनन्याला घेतलं, निघाले.

मंगळ., ११ मार्च
बाबांनी फोनवर विचारलं, कसं झालं प्रदर्शन? छान झालं म्हटलं. रीडचं त्यांना नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं. नाव लावलं ना त्याचं, म्हणाले. लाइन खराब आहे, असं सांगून फोन ठेवला.

रवि., १६ मार्च
दुपारी मिसेस ॲबटचा फोन. ओपनिंगला तिने अनन्याचं बोलणं ऐकलं होतं. म्युझियममधून माझा नंबर मिळवला. लेख तुमचा आहे का, तिने सरळ विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाली, पणजोबांच्या वह्यांत हिशेब आणि हवामान सोडून काही नाही, असं तुमच्या मैत्रिणीने मला सांगितलं. खरं का ते?
म्हणजे पत्राचं तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती बिथरली वगैरे सगळं मीनाच्या मनचं. खुर्ची ओढून बसले.
मी म्हटलं, समजा काही वाईट असलं, तर ऐकायला आवडेल तुम्हाला?
'आता या वयात मला कशापासून वाचवायचंय?'
शनिवारी दोन वाजता घरी बोलावलंय. येते म्हटलं.

बुध., १९ मार्च
आन्सरिंग मशीनवर मीनाचे तीन मेसेज. पहिल्या दोनांत सॉरी, रडणं. तिसऱ्यात नुसतं 'सुलू', मग बराच वेळ तिच्या किचनमधल्या नळाचा आवाज.
म्हातारीने पत्र वाचलं तर पोर्ट्रेट परत मागेल. मीनाची नोकरी जूनपर्यंतही टिकणार नाही. मुलगा तिचा यंदा कॉलेजला चाललाय. हे सगळं माहीत आहे मला. नोव्हेंबरमध्ये काढलेली पत्राची झेरॉक्स मात्र आज शनिवारसाठी ऑफिसच्या बॅगेत घातली.
रीडला बायकोमुलं होती का, हे वह्यांत कुठेच नाही.
मीनाला अजून उलट फोन केलेला नाही.