बोरी अरबचा मच्छरमार

९ नोव्हेंबर
दिवाळी होऊन गेली तरी रात्री कूलर लावावा लागतो. पूर्वी या दिवसांत गोधड्या निघायच्या आणि मच्छर थंडीनेच मरायचे. आता मरत नाहीत. मी मारणार! करंटवालं रॅकेट आणलं. मोनालीला सातवा महिना आहे, बायकोला एकही चावता कामा नये. माझं नाव संघर्ष आहे, उगाच नाही.

१० नोव्हेंबर
कत्तल. तडतड, जळका वास, भिंतीवर रक्त. एकाचे पाय उपटून पाहिले. बरं वाटलं.
सरकारी मच्छरदाणी मिळालेली. मोनाली म्हणाली, लावा. मी असताना जाळी कशाला? आईच्या मेथीच्या वाफ्यावर बांधली. कोंबड्या फार टोचतात.

१३ नोव्हेंबर
मोनाली म्हणते, कूलरातलं पाणी फेका न, काहीतरी वळवळून राह्यलं. नळ आठवड्यातून एकदा येतो, फेकू कसा? शिवाय पाणी काचेसारखं. मच्छर घाणीत होतात. खरा अड्डा शेजारच्या नेमसिंगकडे आहे. बैलांचा हौद, हिरवागार.

१६ नोव्हेंबर
नेमसिंगला दम दिला. म्हणतो, हौदात गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात, तू कायले तापून राह्यला बाप्पा? मासे म्हणे! बहाणे सगळे.

१७ नोव्हेंबर, सकाळ
कुदळीने हौद फोडला. मासे चिखलात तडफडून मेले. लढाईत चालायचंच. नेमसिंगने कॉलर धरली, मी कानाखाली ठेवून दिली, त्याने माझा दात हलवला. विजय माझाच.

२३ नोव्हेंबर
मच्छर वाढले. फुटक्या हौदातून पळून आलेले असणार.
मोनालीला हुडहुडी भरली. चला, थंडी पडली एकदाची.

२५ नोव्हेंबर
थंडी नव्हती. मलेरिया. आरोग्य केंद्राच्या शकुबाईंनी रक्त तपासलं, मग कूलरात बॅटरी मारली. म्हणाल्या, मलेरियाचा मच्छर साफ पाण्यातच अंडे घालते भाऊ.
कुऱ्हाड घेतली. कूलरचे तुकडे केले. खोलीभर पाणी, पाण्यात अळ्याच अळ्या. पायाने चिरडत सुटलो. मोनालीने थरथरत विचारलं, आता कोणाले मारता?

२६ नोव्हेंबर, यवतमाळ, दवाखाना
रात्री मोनालीचा ताप डोक्यात गेला. नेमसिंगनेच जीप काढली. डॉक्टर म्हणतात, बाळाचे ठोके आहेत, पण आत्ताच काही सांगता येत नाही. मला फार भीती वाटतेय. हातावर एक मच्छर बसला. मारायला हात उठला नाही.
नर्सने विचारलं, घरी मच्छरदाणी आहे का? आहे म्हणालो.
घरून आईचा फोन आला. म्हणाली, मेथी लय झकास आली, डब्यात पाठवू काय?