कंदील, हादिया आणि माझे एकेचाळीस टक्के

नेरूळ

खदीजाखाला, तुम्हाला माझा अदबीने सलाम.

‘अल्लाने सुट्टी दिलेल्या दिवशी हजेरी लावू नये,’ असं तुम्ही तुमच्या ओट्यावर कुराण शिकवताना मला म्हणालात त्याला यंदा तेहतीस वर्षं होतील. तुम्हाला ते आठवत नसणार. तुम्ही दिवसाला अशी दहा वाक्यं टाकायचात आणि वर छडी. पण सध्या त्याच वाक्यापायी आमच्या घरात सगळा घोळ झालाय, म्हणून हे पत्र. (फोन तुम्ही घेत नाही, आणि शेजारच्यांनी आणून दिला तर त्यावर ताटली उपडी घालता, हे कळलं.)

गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की मागच्या वेळी पाठवलेलं तसंच शेल्फावर आहे? तुम्ही धाडलेले सुके बोंबील पोचले. डबा उघडला आणि पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाई दारात. तक्रार घेऊन आल्या असणार म्हणून मी आधी खिडक्या उघडायला धावले, तर त्या वाटी घेऊन आल्या होत्या. बासित बरे आहेत. तुर्भ्याच्या गोदामातून दमून येतात आणि मी काहीही सांगितलं तरी ‘हो का’ म्हणतात. पुढे जे झालं तेही सगळं ऐकून ते ‘हो का’च म्हणाले.

तर हादिया. आमची लेक आता तेरा वर्षांची आहे आणि दीड वर्षं फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये कुराण शिकते आहे. आधीच रागावू नका. इथे शिकवायला उस्तानी मिळाली नाही असं नाही, पण शाळा, क्लास आणि लिफ्टची रांग यातून वेळ जुळेना. शिकवणारे हाफिजसाहेब कुठल्याशा दुसऱ्या शहरात बसतात. मुलं आपापल्या घरी वाचतात, फोन ऐकतो, चुकलेलं अक्षर लाल करतो, टक्के देतो आणि रेकॉर्डिंग त्यांच्याकडे धाडतो. हादियाला नेहमी शहाण्णव-सत्त्याण्णव. खरं सांगते खाला, ती वाचायला लागली की मी गॅस बारीक करून उभी राहायची. इतकं सुंदर मी कधी वाचलं नाही. म्हणून फोनला नुसत्या शिव्याही घालवत नाहीत मला. घातल्या असत्या तर पत्र छोटं झालं असतं.

या अ‍ॅपमध्ये एक कंदील आहे. रोज वाचलं की तो पेटलेला राहतो आणि खाली दिवसांचा आकडा चढतो. एक दिवस चुकला की कंदील विझतो, आकडा शून्य. हादियाचा कंदील दोनशे बारा दिवस पेटलेला होता. ताप आला तेव्हाही तिने गोधडीतून वाचलं होतं. आणि मागच्या महिन्यात, दोनशे तेराव्या दिवशी, आमची हादिया मोठी झाली.

मी शिरा केला, जवळ घेतलं, आता या दिवसांत नमाज माफ, कुराणाला हात लावायचा नाही, वाचायचं नाही, सगळं समजावलं. ती सगळ्याला मान हलवत होती. मग एकदम रडायला लागली. मला वाटलं पोट दुखतंय. तर म्हणाली, ‘अम्मी, कंदील!’

आता बघा, ज्याने हे अ‍ॅप बनवलं त्याने वजूला पाणी किती ते सांगितलंय, किब्ला कुठल्या दिशेला ते सांगितलंय, पण जगात मुली असतात हे त्याच्या कानावर आलेलं नाही. रजेची कारणं चारच: आजार, प्रवास, लग्न, इतर. आणि तुम्ही काय निवडलंत ते ग्रुपमधल्या चौदाही मुलामुलींना दिसतं. हादिया म्हणाली, मी खोटं आजारी होणार नाही आणि ‘इतर’ तर मेले तरी लिहिणार नाही. तिच्या थोरल्या भावाने, अम्मारने उपाय काढला (त्याला कारण सांगितलं नव्हतं, उपाय मात्र लगेच सांगितला): एक जाहिरात बघितली की कंदील एक दिवस वाचतो. बघितली. जाहिरात होती ‘कमी व्याजात झटपट कर्ज.’ खाला, व्याजाची जाहिरात शेवटपर्यंत बघून मी कुराणाचा कंदील वाचवला. हे सवाबात धरायचं की गुन्ह्यात, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाहिरातही मिळेना. मग मी ते केलं. हादिया शाळेत गेल्यावर तिचा फोन उघडला, डोक्यावर ओढणी घेतली आणि तिच्या नावाने स्वतः वाचलं. पूर्ण एक रुकू, दहा-बारा आयती, जीव लावून. फोनने विचार केला आणि मला एकेचाळीस टक्के दिले. सगळं पान लाल, जसं काही कोणी पान खाऊन थुंकलंय. (शिकवलं तुम्ही होतं, तेव्हा हे गुण कोणाचे यावर मी काही बोलत नाही.) तरी कंदील पेटला. (विझलेला बघायला नको म्हणून हादिया अ‍ॅप उघडतच नव्हती.) असे चार दिवस. पाचव्या दिवशी हाफिजसाहेबांनी ग्रुपवर अगदी काळजीने लिहिलं, हादियाबेटीची तब्येत ठीक आहे ना, आवाज एखाद्या दमलेल्या बाईसारखा येतोय.

मग काय. हादियाने रेकॉर्डिंग लावलं आणि माझा आवाज तिच्या नावाखालून घरभर वाजला. ती ओरडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, ‘तू माझ्या नावाने अल्लाला फसवलंस? मग माझे दोनशे बारा कोण खरे मानणार?’ अ‍ॅप काढून टाकलं. मला वाटलं, गेली ब्याद. पण तिने शेल्फावरचं कुराणही बंद ठेवलंय. मोराचं पीस सव्विसाव्या पाऱ्यात आहे, तिथेच. तिसांतले चारच पारे उरलेत. तिचे ते दिवस कधीच सरले, नहाण झालं, नमाज पढते. पण पीस हलत नाही. विचारलं तर म्हणते, आता कशाला, मोजणार कोण? सुट्टी संपून तीन आठवडे झाले खाला, मुलगी परत आलेली नाही.

मुक्ताबाईंना नुसतं एवढंच सांगितलं, की लेकीच्या अभ्यासात मी लबाडी केली. त्या म्हणाल्या, ‘अवो, त्यात काय एवढं! सोसायटीची ती चालायची शर्यत हाय ना, मी माजं पावलं मोजायचं घड्याळ आमच्या पोराच्या, शिवतेजच्या पायाला बांधते आन त्याला कबड्डीला धाडते. दुसरा नंबर हाय माजा.’ मला फार हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही.

तेव्हा मला तुमचा ओटा आठवला. मी हादियाएवढीच. कुराणाचा शिपारा उराशी धरून उभी, समोर मुलगे ओळीत बसलेले, आणि वाचता येणार नाही हे सांगता येईना. तुम्ही एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलंत, शिपारा ओढणीच्या पदरात काढून घेतलात, ते वाक्य म्हणालात आणि मला बोरं वेचायला पाठवलंत. तुमच्या हजेरीत माझा एकही दिवस बुडला नाही. असो. पत्र लांबलं. जेवणात मीठ कमी करा.

तुमची,
शायमा

ता. क. बोंबील संपले. पुन्हा पाठवू नका. (पाठवलेत तर थोडे जास्त पाठवा, मुक्ताबाईंची वाटी मोठी आहे.)

ता. क. एकेचाळीस टक्क्यांचं मनावर घेऊ नका. काल मी चोरून पुन्हा स्वतःच्या फोनवर वाचून बघितलं. अडतीस आले.

ता. क. बोंबलांसाठी हे पत्र नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. ते वाक्य मी हादियाला सांगून बघितलं. ती म्हणाली, हे तू तुझी चूक झाकायला सांगतेस. माझ्या तोंडून तेही एकेचाळीस टक्केच निघतं. हे पत्र घेऊन तुमच्याकडचा हिरामण पोस्टमन येईल, तो तुमचं वाचून होईपर्यंत ओट्याच्या पायरीवर थांबेल. त्याला मी काही सांगितलेलं नाही, फक्त तुमचा आवाज भरून घ्यायला फोन चालू करू का एवढं तुम्हाला विचारायला सांगितलंय. एकदा म्हणा, एवढं एकच वाक्य. ‘माझा आवाज माझ्याबरोबर कबरीत जाईल, मागे फिरायला ठेवणार नाही,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगता, ते माझ्याही लक्षात आहे. तुम्ही नाहीच म्हणाल. मग हिरामणला एवढं तरी विचारा, की हादियाला ‘नाही’ कोणी कळवायचं. आणि तिचं नाव घेऊन विचारा, मग ‘नाही’ तोंडून निघतं का बघा.