नवरीनं रचलेलं मंगलाष्टक

वडगाव निंबाळकर,
जानेवारी १९५८

प्रिय सिंधू,

तुझं पत्र पोचलं. त्यात कारखान्याचा भोंगा आहे, नवी म्हैस आहे, सासूबाईंचा गुडघा आहे. म्हणजे भवानीनगरला सगळं ठीक चाललेलं दिसतं. माझंही ठीक आहे. माझं लग्न ठरलं. मुलगा सावळाराम, इंदापूरकडचा, घरचा ऊस, स्वभावानं गरीब म्हणतात. पाहायला आला तेव्हा तो सगळा वेळ चहाच्या बशीकडेच बघत होता, त्यामुळे मला त्याला नीट पाहून घेता आलं. वाईट नाही. लग्न माघात आहे आणि मॅट्रिकची परीक्षा मार्चात. घोडं अडलंय ते तिथंच.

तू शाळा सोडलीस त्यानंतर गोसावी सरांनी उच्च मराठीच्या तासाला वृत्तं घेतली. लघु-गुरूच्या खुणा करून करून आमची बोटं पांढरी झाली, पण शार्दूलविक्रीडित काही कुणाच्या गळी उतरेना. मग सरांनी खडू ठेवला आणि सरळ लग्नातल्या चालीवर म्हणायला लागले. सगळा वर्ग हसला आणि सगळ्या वर्गाला ते एका दमात आलं. मंगलाष्टकं ऐकलेली नाहीत असं कोण आहे इथं? घरी करायला दिलं एक मंगलाष्टक. जोतीरामनं आपल्या खोंडाचं लग्न लावलं. एकही गण चुकला नव्हता, म्हणून सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, वर आहेर काय करू म्हणून विचारलं. मला या तासांचं वेड लागलंय. परीक्षेला बसायचं ते पास होऊन मिरवायला नाही. एवढ्या गोडीनं शिकले, ते एकदा पेपरात लिहून यावं, एवढंच वाटतं.

बैठकीत आप्पांनी माझ्यासाठी तो विषय काढला. सुपारी फुटायच्या आधी काढला, हे त्यांचं शहाणपण. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, “बसू द्या की परीक्षेला. लगीन झालं म्हून काय पेपर लिवता येत न्हाय व्हय? आमी सोता सोडू बारामतीला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तुझी बैठक आठवत होती. तुझ्या सासऱ्यांनीही जूनचा वायदा केला होता, तोही असाच हसतमुखानं. जूनमध्ये शाळा उघडली, तू आली नाहीस. तू त्याबद्दल कधी अक्षरही लिहिलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. पण मला फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

आता गंमत ऐक. आप्पांना कुणीतरी सांगितलं की लेक वृत्तात कविता करते. झालं, मंगलाष्टकं बाहेरून कशाला आणायची, रतनच करील. गुलाबी कागदावर छापायची, सगळ्या मामा-काकांची नावं आली पाहिजेत. आली. झुंबरमामांसाठी एक आख्खी ओळ खर्ची पडली. शेवटच्या मंगलाष्टकात मी हे घातलं:

आबांनी दिधला घरात अमुच्या जो शब्द साऱ्यांपुढे
त्या शब्दा स्मरुनी तुम्ही रतनला धाडा परीक्षेस हो

आप्पांनी चष्मा लावून वाचलं, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, खोडणार. ते एवढंच म्हणाले, “चाल बसतीया. पर ह्ये म्हणनार कोन?” भटजींनी कागद परत केला, हे मंगलाष्टक नसून अर्ज आहे, असं त्यांचं मत पडलं. झुंबरमामांचा घसा तेव्हापासूनच बसलाय, लग्नाला अजून तीन आठवडे आहेत. आई म्हणते, गाळ ते, नवरीला शोभत नाही. आप्पांनी मात्र कागद होता तसाच छापखान्यात दिला. बैठकीतला शब्द दहा माणसांनी ऐकला, ती दहाही विसरतील. मंडपातला दोन गावं ऐकतील आणि अक्षता टाकतील. मग तो विसरणं आबांना जड जाईल.

म्हणून हे पत्र. सिंधू, ते मंगलाष्टक तू म्हण. तुझे सासू-सासरे पाहुण्यांत असतील, मला माहीत आहे. तू म्हणशील तेव्हा त्यांना दुसरीही एक बैठक आठवेल, हेही मला माहीत आहे. खरं सांगू, मला तेही हवंय. एक फॉर्म दोघींना भरता येत नाही, पण पुढच्या वर्षी तुलाही परीक्षेला बाहेरून बसता येतं, मी सरांना विचारून ठेवलंय. तुला नाही जमलं तर मी राग धरणार नाही. अंतरपाटामागून मीच म्हणेन. नवरीनं तोंड उघडलं म्हणून लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तू फक्त मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभी राहा, आणि माझा आवाज अडला तर पुढचं उचल.

तुझीच,
रतन