नुसती इंग्रजी

जबलपूर, मंगळवार संध्याकाळ

आमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये भाषांची नावं मीच लिहिली. अमेरिकेची ती नुसती ‘इंग्रजी’, आपली मात्र ‘इंग्रजी – भारत’. आज तपासायला बाबांच्या फोनवर ॲप टाकलं. जन्मभर कारखान्यात इंग्रजीत रिपोर्ट लिहिलेला माणूस.

“आपल्या इंग्रजीपुढे भारत काहून लिहिलं गं? ती नुसती कोणाची?”

“अमेरिकेची.”

“अच्छा. म्हणजे मी लिहून राहिलो होतो ती इंग्रजी नव्हती?”

मी हसले. नुसती! हा फरक मला नावं लिहिताना का नाही खटकला? गच्चीवर जाऊन मॅनेजरला फोन लावला. “सर, भाषांच्या यादीत नुसत्या इंग्रजीपुढेही अमेरिका लिहू या ना.”

“कौन पढ़ता है? रहने दो.”

खाली आले तोवर बाबांनी हिंदी निवडली होती.