याचूच्या औषधाची सोयरीक

धाकटे,

रविवारच्या पाहुण्यांत सगळ्यांत आधी टपकल्या त्या औषध कंपनीच्या लिनबाई, तेही ठरल्या वेळेच्या आधी. माझ्या पायात अजून शेतातले रबरी बूट! अगं हो, आधी आशीर्वाद. बोटांची सूज कशी आहे? आमची याचू (नात गं, आता चष्मा लागलाय) विद्यापीठात त्याच दुखण्यावर औषध करतेय, आपल्या उतारावरच्या मुळीचं. उंदरांना गुण आला म्हणे, आता माणसांची पाळी.

तर तिचा फोन आला, "आजी, कंपनीशी सोयरीक जुळतेय, रविवारी मंडळी मुळी बघायला येतील." (विद्यापीठानं कंपनीशी हात मिळवला की हल्ली पेपरातसुद्धा सोयरीकच म्हणतात. मला काय ठाऊक!) डोंगरात फोन खरखरतो. मी ऐकलं, मुलगी बघायला. लगेच तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोड गोळ्या उकडल्या (खायच्या, औषधाच्या नव्हेत), याचूला लाल स्वेटर चढवला आणि रीतीप्रमाणे तिच्या हाती गोड चहाचा ट्रे दिला. पोरगी गोंधळली, पण पाहुण्यांसमोर गप्प. तिचे विद्यापीठातले हुंगसर मला मध्यस्थ वाटले आणि कंपनीचा वकील को, कानापर्यंत लाल झालेला, तो नवरदेव.

मी विचारलं, आमच्या पोरीला माहेरी काम करू द्याल ना? लिनबाई म्हणाल्या, "करू दे की, प्रयोगशाळा तिचीच." मूल झालं तर नाव कुणाचं? हुंगसर घाईनं म्हणाले, "दोघांचं!" आणि पुढं नकोशी झाली तर? को चाचरत म्हणाला, "तर... ठेवून देऊ कपाटात."

कपाटात! मी उसळलेच. "नेऊन कोपऱ्यात टाकणार? त्यापेक्षा आमची आम्हाला परत आणून सोडा!"

याचूनं ट्रे खाली ठेवला आणि थेट लिनबाईंकडे बघितलं. नंतर कळलं, पोरीचा घोर नेमका हाच: कंपनी औषध घेईल आणि धूळ खात ठेवील. लिनबाई हसल्या, "आजींनी सोयरिकीच्या भाषेत बरोबर धरलं बाई आम्हाला! लिही रे को, औषध पडून राहिलं तर विद्यापीठाला परत."

मी म्हटलं, औषध? कुठलं औषध?

धाकटे, हुंगसरांच्या नाकातून चहा आला. याचू मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली, आधी रागावली, मग गळ्यात पडून रडली. सह्या व्हायच्यात अजून, पण ते कलम लिहिलं गेलं.

तुझी,
थोरली

ता.क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: को तुमच्याच लुकांग गावचा. देवळामागं त्याच्या आईचं बिस्किटांचं दुकान आहे. बिस्किटं घ्यायला म्हणून जा आणि माणसं कशी आहेत बघून ये. (याचूला कळता कामा नये.)

आणखी ता.क. त्यानं दुसरा कप मागितला, तोही याचूकडेच. तेव्हा लवकर जा. मंडळी सह्यांसाठी पुन्हा येणार आहेत ती हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी. त्या दिवशी घरोघरी गोड गोळ्या होतातच, मी पुन्हा उकडल्या तरी याचूला संशय यायचा नाही.