लेलंडचा हात

ब्रँडल, विस्कॉन्सिन
६ ऑक्टोबर १९९७

मिस कुबियाक यांस,

तुमचं पत्र पोचलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुमचीही प्रकृती चांगली असेल असं धरून चालते. परवा पहिलं दव गोठलं आणि उरलेले टोमॅटो गेले. सफरचंदं मात्र यंदा इतकी आली आहेत की चर्चच्या पायरीवर टोपल्या भरून ठेवाव्या लागतात. लोक दुसऱ्याची नजर चुकवून आपली टोपली तिथे ठेवतात आणि पळतात.

तुम्ही जुन्या चीज फॅक्टरीत दवाखाना काढल्याचं गावात सगळ्यांना कळलं आहे. शुक्रवारी ऑर्विलच्या गुत्त्यात मासे खायला गेलो होतो, तिथे तोच विषय.

"ती डुकरांची नर्स परत आली म्हणे," ऑर्विल म्हणाला. "इतकी वर्षं डुकरं झोपवली, आता आपल्याला झोपवणार."

मी म्हटलं, "ऑर्विल, तुला झोपवायला नर्स कशाला हवी? तुझीच बियर पुरते की."

सगळे हसले आणि विषय बदलला. तो बदलावा म्हणूनच मी बोलले होते.

तुम्ही लिहिलंत की लेलंडच्या रक्ताच्या सगळ्या माणसांनी तपासणी करून घ्यावी, कारण भूल न सोसण्याचा हा दोष बापाकडून मुलाकडे उतरतो. तुमचं पत्र मी डेलला वाचून दाखवलं. लेलंड गेला तेव्हा डेल एकोणीस वर्षांचा होता, आता तो स्वतः बाप आहे. त्याने ताटातली कोबी संपवली आणि म्हणाला, "त्या बाईने बाबांना डुकरांच्या रांगेत नेऊन बसवलं आहे, आई. मी जाणार नाही."

तुमचं लिखाण मी वाचलं आहे. ग्रंथालयातल्या मिसेस टेश मॅडिसनहून मागवून देतात. माझी शाळा आठवीपर्यंतच झाली, त्यामुळे पहिला लेख वाचायला एक आख्खा हिवाळा लागला. शब्दकोश मांडीवर, लेख टेबलावर. आता बऱ्यापैकी कळतं. काही माणसांना आणि काही डुकरांना भुलीचा वायू दिला की त्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि अंग आतून पेटतं. आमच्या चांगल्यातल्या चांगल्या डुकरांना बाजाराच्या ट्रकमध्ये चढवताना तसंच व्हायचं. नुसत्या धसक्याने. लेलंड गेल्यावरच्या वसंतात तुम्ही फाटकाशी येऊन उभ्या राहिलात आणि त्या पैदाशीतली पिलं मागितलीत. मी दिली. त्यापलीकडे आपण एकमेकींशी बोललो नाही.

तुमच्या प्रत्येक लेखात लेलंड भेटतो. नाव नसतं. 'एक शेतकरी, धडधाकट, हर्नियासाठी दाखल.' सगळं बरोबर आहे.

त्याच्याही आधी माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तुम्हीच माझ्या उशाशी होतात. तेव्हा आख्ख्या काउंटीत भूल देणाऱ्या तुम्ही एकट्या. डॉक्टर येत आणि जात, तुम्ही तिथेच असायच्या. तुम्ही म्हणालात, "अर्लीन, तुझ्या बागेत काय काय लावलंस ते सांग बघू." मी घेवड्यापर्यंत पोचले असेन.

तर तपासणीला डेलचं यायचं जमेल असं दिसत नाही.

आपली,
अर्लीन झास्ट्रो

ता.क. मी कशी आहे असं तुम्ही विचारलंत. चर्चमध्ये 'शांती असो' म्हणत एकमेकांचा हात हातात घेतात तेव्हा मी प्रार्थनेचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून उभी राहते. बाकी ठीक आहे.


ब्रँडल
१० नोव्हेंबर १९९७

मिस कुबियाक यांस,

लवकरच पुन्हा लिहिते आहे. हरणांची शिकार सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत आणि गावभर पुरुषमंडळी बंदुका साफ करत बसली आहेत. पण लिहायचं कारण वेगळं आहे.

डेलची केल्सी दहा वर्षांची आहे. तिच्या घशातल्या टॉन्सिलच्या गाठी काढायच्या ठरल्या आहेत. शिकारीचे दिवस संपले की लगेच, शहरातल्या मोठ्या इस्पितळात. मला हे कळलं ते केल्सीकडून. ती खूश होती, आठवडाभर आइस्क्रीम मिळणार म्हणून.

दुपारी जेवायला डेल आला तेव्हा मी विचारलं, "आजोबांचं काय झालं ते डॉक्टरांना सांगितलंस?"

"कागदावर विचारलं होतं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. मी 'नाही' वर खूण केली."

"का?"

"त्रास झालाच नव्हता. त्या नर्सच्या हातून चूक झाली आणि ती झाकायला तिने आजार शोधून काढला. सोळा वर्षं झाली आई, तू तिचंच वाचत बसली आहेस."

"मी वाचते कारण मला एक गोष्ट समजून घ्यायची होती."

"कुठली?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगायला हवं.

त्या सकाळी मी इस्पितळाबाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसले होते. ऑर्विल समोरच्या गुत्त्यातून रस्ता ओलांडून धावत आला, दोन्ही हातांत बर्फाच्या बादल्या. मागोमाग इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या बायका, त्यांच्याकडेही बर्फच. मला वाटलं, आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. मी ऑर्विलला म्हटलंसुद्धा, "मला नाही का बोलावलं?" तो माझ्याकडे न बघता आत गेला.

नंतर डॉक्टर आले आणि म्हणाले, गेला. मला आत नेलं. फरशीवर सगळीकडे पाणी होतं. तुम्ही भिंतीशी उभ्या होतात, तुमच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मी त्याचा हात हातात घेतला.

तो गरम होता. तापलेल्या पोरासारखा नव्हे, त्याहून गरम. भट्टीतून काढलेल्या पावासारखा. मेलेला माणूस गार असतो एवढंच मला माहीत होतं. माझे आईवडील गार होते. मला वाटलं, यांची काहीतरी चूक होते आहे, हा जिवंत आहे. पण डॉक्टर शिकलेले आणि मी गुत्त्यासमोरच्या बाकावरून उठून आलेली बाई. त्यांनी माझ्या हातातून त्याचा हात सोडवला आणि चादर ओढली.

तुमचा तिसरा लेख वाचला तेव्हा कळलं की हृदय थांबल्यावरही अंगातली ती आग लगेच विझत नाही. म्हणजे तो गेलेलाच होता. डोक्याला पटलं. हाताला अजून पटत नाही. कुणी ऊबदार हात पुढे केला की मला वाटतं, आता हा सोडला तर माणूस जाईल.

डेलने काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आलो तेव्हा बाबा गार होते."

"तू संध्याकाळी आलास रे. मका काढायला गेला होतास."

"हात ताठ होता?"

"पायसुद्धा. चादर नीट बसेना."

तो उठून गोठ्यात गेला. तिथे आता डुकरं नाहीत, नुसता ट्रॅक्टर आहे. परत आला तेव्हा दारातच उभा राहिला. बूट काढले नाहीत.

"बेसी आठवते का?" त्याने विचारलं. बेसी आमची बक्षीस मिळवलेली डुकरीण, ट्रकच्या फळीवर चढता चढता मेली. "तिला उचलायला मी पाय धरले होते. हाताला चटका बसला होता, आई."

तो या शुक्रवारी तुमच्याकडे येतो आहे. त्याच्याशी डुकरांबद्दल बोलू नका. तो स्वतः बोलला तर बोला.

अर्लीन झास्ट्रो


ब्रँडल
२ डिसेंबर १९९७

प्रिय मिस कुबियाक,

तुमचं पत्र आणि डेलचा निकाल मिळाला. दोष आहे. वाचून मी बसले नाही की रडले नाही, पाव भाजायला टाकला. हे घरात आहे हे मला ठाऊकच होतं, फक्त त्याला आता कागद मिळाला.

डेल लंगडतो आहे. तपासणीसाठी मांडीतून बोटभर मांस काढलं त्याचा त्याला मोठा अभिमान. गुत्त्यात सगळ्यांना सांगतो, "मी म्हटलं त्यांना, उरलं तर सॉसेजमध्ये घाला." ऑर्विलने त्याला बियर पाजली आणि पुन्हा 'डुकरांची नर्स' म्हणाला नाही. त्याला त्या बादल्या आठवत असतील.

माझी मांडी चालली असती तर मीच दिली असती. पण माझ्या रक्तात ते नाही.

केल्सी अशा तपासणीला लहान आहे, म्हणून तिच्यातही दोष आहे असंच धरायचं, हे पटलं. शहराऐवजी इथल्याच इस्पितळात ऑपरेशन, वायू अजिबात नाही, शिरेतून दुसरी औषधं, आणि लेलंडच्या वेळी नव्हतं ते आग विझवणारं औषध कपाटात तयार. तेही पटलं. तुम्ही लिहिता की तुम्ही शिकवलेला तरुण तिच्या उशाशी बसेल, तो तुमच्याहून सरस आहे आणि तुम्ही लेलंडनंतर कुणालाही भूल दिलेली नाही.

हे शेवटचं मला पटत नाही.

डेल सांगत होता, त्याचं मांस काढताना तुम्ही काचेपलीकडे उभ्या होतात. आत आला नाहीत. आणि तुमच्या दवाखान्यातली ती बोलकी मुलगी त्याला म्हणाली की तुम्ही दर खेपेला भुलीचा परवाना मात्र न चुकता नवा करून घेता. कुणासाठी करता, आयरीन?

आता मी तुला आयरीनच म्हणणार. तू मला त्या टेबलावर अर्लीन म्हणाली होतीस.

लेलंडशी शेवटचं बोललीस ती तू. तू त्याला काय विचारलंस आणि तो काय म्हणाला, हे मी आजवर विचारलं नाही, आजही विचारत नाही. तुझ्याजवळ आहे तेवढं पुरे. पण त्या दिवसापासून आपण दोघी त्याच खोलीत आहोत. तू भिंतीशी, मी टेबलाशी, पायाखाली पाणी. तू लेख लिहून बाहेर पडायला बघितलंस, मी ते वाचून. दोघींनाही दार सापडलं नाही.

तो तरुण हुशार असेल. त्यालाही बसू दे शेजारी. पण केल्सीचं डोकं तुझ्या हातांत हवं. डेललाही तेच हवं आहे. तो स्वतः म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. काल भांडी पुसताना त्याने विचारलं, "ती बसेल का गं?" मी म्हटलं, विचारते.

केल्सीला बागेबद्दल विचारू नकोस, तिला त्यात गम्य नाही. तिच्या मांजरीबद्दल विचार. नाव मफिन, आणि ती चोर आहे.

येत्या मंगळवारी मी त्याच बाकावर असेन. विणकाम आणणार नाही. ती झोपली की तिचा हात हातात घे आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. मग बाहेर ये. ऑपरेशन कसं झालं ते डॉक्टर सांगतील. तू मला एवढंच सांगायला ये, की हात तापला नाही, गारच राहिला. आणि सांगताना तुझा हात पुढे कर. मी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन येणार नाही.

वाट बघते,
तुझी अर्लीन